यंत्राचा निरोप कुणाच्या मोबाइलवर जातो?

वस्तीच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, तशी पाण्याची कटकटही बदलली. पूर्वी सार्वजनिक नळावर हंड्यांची रांग लागायची. आता बऱ्याच पुनर्वसन इमारतींत तळमजल्यावर लिफ्टच्या शेजारी, नाहीतर विहाराच्या आणि अभ्यासिकेच्या दाराशी, स्टीलचे फिल्टरयंत्र उभे असते. कुठे ते बिल्डरने बसवलेले, कुठे कंपनीच्या सामाजिक निधीतून आलेले, कुठे लोकप्रतिनिधीच्या निधीतून. फीत कापली जाते, फोटो निघतात, देणाऱ्याच्या नावाची पाटी लागते. पुढे त्या यंत्राकडे कोण बघणार, हे मात्र पाटीवर लिहिलेले नसते.

फिल्टर ही एकदा बसवून विसरायची वस्तू नाही. त्यातल्या कोळशाच्या कांडीचे उदाहरण घ्या. ही कांडी पाण्यातला वास आणि क्लोरीन शोषून घेते. पण क्लोरीनच तर नळाच्या पाण्याला जंतूंपासून राखत असते. क्लोरीन निघून गेलेले पाणी महिनोन्‌महिने न बदललेल्या कांडीतून आणि न धुतलेल्या टाकीतून फिरू लागले, की आत बुळबुळीत थर धरतो आणि त्यात जंतू वाढतात. म्हणजे देखभाल नसलेल्या यंत्राचे पाणी साध्या नळाच्या पाण्याहून वाईट असू शकते. आणि आपण ते निर्धास्तपणे लेकराच्या बाटलीत भरतो, कारण ते ‘फिल्टरचे’ असते.

म्हणूनच यंत्रावर दूरवरून नजर ठेवण्याची जी सोय आता आली आहे, तिचे आम्ही स्वागत करतो. ही सोय फक्त मॉल आणि मोठ्या ऑफिसांसाठी आहे असेही नाही. दिल्लीत झोपड्या तुटलेल्या कुटुंबांना शहराच्या टोकाला सावदा घेवरा येथे वसवले गेले, तिथे ‘सर्वजल’ने पाण्याची एटीएम बसवली होती. कार्ड लावले की पाणी मिळे आणि यंत्राची खबर मोबाइलच्या जाळ्यावरून दूरच्या कार्यालयात पोहोचे. तेव्हा ‘हे आपल्यासारख्यांसाठी नाही’ असे कुणी म्हणू नये.

आमचे म्हणणे एवढेच आहे : यंत्राचा जो निरोप कंपनीला जातो, तो पाणी पिणाऱ्यांनाही मिळाला पाहिजे. आणि यंत्राला जे दिसत नाही, ते आपण स्वतः तपासले पाहिजे.

यंत्र काय सांगते?

अशा यंत्रात छोटी मोजमापे बसवलेली असतात आणि आत एक सिमकार्ड असते. किती लिटर पाणी गेले हे एक मोजते, त्यावरून फिल्टर बदलायची वेळ कळते. फिल्टरच्या आधी आणि नंतर पाण्याचा दाब किती आहे हे दुसरे मोजते. दोन्हींतला फरक वाढत गेला, तर फिल्टर गाळाने तुंबला आहे असे समजावे. आरओ यंत्र असेल तर आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यातले क्षार, म्हणजे टीडीएस, मोजला जातो. बाहेरच्या पाण्याचा आकडा चढू लागला की आतला पडदा खराब झालेला असतो.

यूव्ही दिव्याचे जरा नीट समजून घेऊ. या दिव्याच्या किरणांनी जंतू निकामी होतात. हा दिवा साधारण वर्षभर चांगले काम देतो. पुढेही तो पेटलेला दिसतो, पण त्याच्या किरणांतला जोर कमी झालेला असतो. दिव्याभोवतीच्या काचेच्या नळीवर क्षारांचा थर बसला किंवा पाणीच गढूळ आले, तरी किरण जंतूंपर्यंत नीट पोहोचत नाहीत. म्हणून दिवा पेटला आहे की नाही एवढेच सांगणारे यंत्र पुरेसे नाही. किरणांचा जोर मोजणारे हवे, आणि जोर कमी झाला की नळ आपोआप बंद करणारे हवे. निरोप कार्यालयात पोहोचला, पण इकडे नळ चालूच राहिला, तर मधल्या वेळेत पाणी प्यायलेल्यांनी काय करायचे?

आणखी एक खोच आहे. सिमचे रिचार्ज संपले, वीज गेली, कुणी प्लग काढला, की निरोप येणेच थांबते. कार्यालयातल्या माणसाला वाटते, तक्रार नाही म्हणजे सगळे ठीक आहे. खरे तर गप्प बसलेले यंत्र बिघडलेलेच धरले पाहिजे. रोज एकदा ‘मी चालू आहे’ असा निरोप आलाच पाहिजे, आणि तो आला नाही तर त्याच दिवशी माणूस आला पाहिजे, अशी अट करारात हवी.

यंत्र काय सांगत नाही?

टीडीएसचा आकडा कमी म्हणजे पाणी शुद्ध, हा समज घराघरात पसरला आहे. विक्रेते पेनासारखे मीटर पाण्यात बुडवून दाखवतात आणि आपण भुलतो. टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. कावीळ, कॉलरा, विषमज्वर, जुलाब यांचे जंतू त्या मीटरला दिसत नाहीत. टीडीएस 60 असलेल्या पाण्यातही गटाराचे पाणी मिसळलेले असू शकते.

भारतीय मानक 10500 प्रमाणे पिण्याच्या पाण्यात टीडीएस 500 मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत चालतो. मुंबईला भातसा, वैतरणा, तानसा, विहार, तुळशी अशा तलावांचे पाणी येते आणि त्यातले क्षार या मर्यादेच्या खूप खाली असतात. अशा पाण्याला आरओची गरज नाही. आरओ उलट बरेच पाणी वाया घालवते. राष्ट्रीय हरित लवादानेही 2019 मध्ये 500 च्या खाली टीडीएस असलेल्या ठिकाणी आरओच्या वापरावर बंदी आणण्यास सांगितले होते. जिथे बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड किंवा क्षार जास्त आहेत, जसे चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या काही गावांत, तिथे आरओ कामाचे आहे. मुंबईच्या इमारतीत मात्र खरा प्रश्न जंतूंचा आहे, आणि जंतू बहुतेक वेळा यंत्राच्या अलीकडेच पाण्यात शिरतात.

कसे ते पाहा. पाणी दिवसातून काही तासच येते. उरलेल्या वेळी पाइप रिकामा असतो, आणि गळक्या जोडातून बाहेरची घाण आत ओढली जाते. पंप लावून पाणी खेचले की ही ओढ आणखी वाढते. तळटाकीचे झाकण तुटलेले, शेजारी ड्रेनेजचे चेंबर, आणि पावसाळ्यात दोन्ही तुडुंब, हे चित्र आपल्याला नवे नाही. गच्चीवरच्या टाकीत कबुतराची विष्ठा पडली, तर हे कोणत्याही दूरच्या कार्यालयात दिसत नाही. ते गच्चीवर चढणाऱ्या माणसालाच दिसते.

कावीळ आणखी फसवी. दूषित पाणी पोटात गेल्यावर लक्षणे दिसायला कित्येक आठवडे लागू शकतात. डोळे पिवळे होईपर्यंत पाणी कधी खराब झाले होते हे कुणाला आठवत नाही. हिपॅटायटिस ई ही कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते. म्हणून तारखांची नोंद हवी. कोणत्या दिवशी यंत्र बंद होते, कधी दिवा बदलला, कधी टाकी धुतली, हे लिहिलेले असेल तर डॉक्टरांना आणि पालिकेच्या आरोग्य खात्याला मूळ शोधता येते. नोंद नसेल तर सगळे खापर ‘बाहेरचे काहीतरी खाल्ले असेल’ यावर फुटते.

कागदावरचे पाणी

महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव 1924 मध्येच केला होता. ठराव दप्तरात होता, पण आपल्या माणसांच्या ओंजळीत पाणी नव्हते. ते घेण्यासाठी 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना हजारो लोकांसह तळ्यावर जावे लागले, आणि न्यायालयातला झगडा 17 मार्च 1937 च्या उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत चालला. पुढे 15 डिसेंबर 2014 ला मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर सांगितले की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, झोपडी अनधिकृत आहे म्हणून माणसाचे पाणी तोडता येत नाही.

हा इतिहास आम्ही काढतो तो एवढ्यासाठी, की फिल्टरयंत्रही तसेच कागदावर चालू असू शकते. कार्यालयाच्या पडद्यावर हिरवा ठिपका आणि तळमजल्यावर कोरडा नळ, असे होऊ शकते. यंत्र कुणी दिले म्हणून मिंधे होऊन गप्प बसायचे कारण नाही. पाणी आपल्या पोटात जाते, तेव्हा हिशेब विचारण्याचा अधिकारही आपलाच.

‘आपल्या लोकांना यातले काय कळते?’ असे सोसायटीच्या कमिटीतलीच काही मंडळी म्हणतात. त्यांना सांगा, जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याची योजना आहे. गावातल्या बाया साध्या संचाने पाणी तपासू शकतात, तर इमारतीतल्या का नाही?

इमारतीने काय करावे?

पहिले, यंत्राचे निरोप कमिटीच्या सचिवाबरोबर इमारतीतल्या दोन महिलांच्या मोबाइलवरही यावेत. पाणी भरणाऱ्या त्याच असतात, बिघाड आधी त्यांनाच जाणवतो.

दुसरे, यंत्राशेजारी एक फळा लावावा. फिल्टर कधी बदलला आणि पुढे कधी बदलायचा, यूव्ही दिव्याची तारीख, टाकी धुतल्याची तारीख, तक्रारीचा फोन नंबर, एवढे त्यावर ठळक लिहावे. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्या आजीलाही नातवाकडून ते वाचून घेता आले पाहिजे.

तिसरे, देखभालीचा वार्षिक करार सोसायटीच्या नावाने लेखी असावा. बिघाडानंतर किती तासांत माणूस येईल, सिमचे आणि विजेचे पैसे कोण भरेल, हे त्यात हवे. काम झाले नाही तर पैसे रोखण्याची अटही हवी. यंत्र फुकट मिळाले तरी देखभाल फुकट होत नाही. शंभर घरांनी महिन्याला 20 रुपये काढले तर वर्षाला 24,000 रुपये जमतात. त्याचा हिशेबही त्याच फळ्यावर लावावा.

चौथे, तळटाकी आणि गच्चीवरची टाकी दर सहा महिन्यांनी धुवावी, त्यातली एक वेळ पावसाळ्याच्या तोंडावर. झाकणाला कुलूप असावे.

पाचवे, नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट आठवड्यातून एकदा करावी. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. मानकाप्रमाणे ते किमान 0.2 मिलिग्रॅम प्रति लिटर हवे. रंग आलाच नाही तर वॉर्ड ऑफिसात लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. यूव्ही यंत्रातून निघालेल्या पाण्यात क्लोरीन नसणारच, म्हणून त्याची जंतूंची तपासणी दर तीन महिन्यांनी प्रयोगशाळेतून करून घ्यावी. ती यंत्र बसवणाऱ्या कंपनीने केलेली नको. 100 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय जंतू एकही सापडता कामा नये.

फळ्यावरची तारीख उलटली असेल, दिवा लाल असेल किंवा पाण्याला वास येत असेल, तर त्या दिवशी यंत्राचे पाणी पिऊ नका. नळाचे पाणी गाळून, खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट तसेच उकळू द्या आणि झाकून थंड करा. घरात जुलाब सुरू झाले तर लगेच ओआरएस द्यायला लागा आणि आरोग्य केंद्रात जा. शेजारच्या दोन-तीन घरांत एकाच वेळी तसेच होत असेल तर ते आरोग्य केंद्रात आवर्जून सांगा.

येत्या रविवारी विहारातून परतताना तळमजल्यावर पाच मिनिटे थांबा. यंत्रावर देणाऱ्याचे नाव असेलच. फिल्टर बदलल्याची तारीख आहे का ते बघा, आणि नसेल तर संध्याकाळी कमिटीला विचारा.