सूर जनतेचे, नफा मालकांचा

डिसेंबर २०२० मध्ये स्कॉटलंडमधील एअरड्री येथील नेथन इव्हान्स या तरुण पोस्टमनने ‘वेलरमन’ हे देवमाशांच्या शिकाऱ्यांचे जुने गाणे नुसत्या ठेक्यावर म्हटले आणि त्याची चित्रफीत ‘टिकटॉक’वर प्रसृत केली. दुसऱ्याच्या चित्रफितीला आपली चित्रफीत जोडण्याची सोय त्या माध्यमात आहे. कुणी खर्जातील आवाज जोडला, कुणी दुसरा सूर धरला, कुणी व्हायोलिनची साथ दिली. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिटन पुन्हा टाळेबंदीत गेले असताना एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांचा एक प्रचंड कोरस उभा राहिला. त्यात कुणाची टिंगल नव्हती, द्वेष नव्हता. होता तो सोबत गाण्याचा निर्भेळ आनंद.

अशा घटनेकडे पाहताना दोन चुका संभवतात. ‘हे रिकामटेकड्या मध्यमवर्गाचे चाळे आहेत’, असे म्हणून तिची वासलात लावणे ही पहिली. या आनंदालाच जनतेची एकजूट समजणे ही दुसरी. दोन्ही चुका टाळण्यासाठी या गाण्यांचा इतिहास तपासणे आवश्यक आहे.

खलाशांची ही गाणी करमणुकीसाठी जन्मली नाहीत. शिडाच्या व्यापारी जहाजांवर नफ्यासाठी माणसे कमीत कमी ठेवली जात. अवजड शिडे चढविणे, नांगर उचलणे ही कामे मूठभर माणसांना एका दमात करावी लागत. एकाने ओळ म्हणावयाची, इतरांनी तिला उत्तर द्यावयाचे आणि ठरलेल्या आघातावर सर्वांनी दोर खेचावयाचा, ही या गाण्यांची रीत होती. अमेरिकेच्या दक्षिणेकडील बंदरांत जहाजांत कापसाचे गठ्ठे दाबून भरणाऱ्या कृष्णवर्णीय गोदी कामगारांनीही त्यांत मोलाची भर घातली. कोकणच्या खलाशाची ‘हैसा’ ही आरोळी त्याच जातीची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाफेच्या यंत्राने शिडे हटविली, आणि गाण्यांचे कामही संपले.

‘वेलरमन’ हे काटेकोर अर्थाने दोर खेचण्याचे गाणे नव्हे. ते न्यूझीलंडमधील देवमाशांच्या शिकारीचे कथागीत आहे. वेलर बंधू या व्यापाऱ्यांनी १८३१ मध्ये ओटागो येथे शिकारीचे केंद्र उभारले. अशा किनारी केंद्रांवरील कामगारांना रोख मजुरी मिळत नसे; कपडे, तंबाखू, मद्य अशा मालाच्या रूपाने मोबदला दिला जाई. मजुरीऐवजी माल देण्याच्या याच पद्धतीवर ब्रिटनमध्ये त्याच १८३१ साली अनेक धंद्यांपुरती कायद्याने बंदी घालण्यात आली. मात्र वसाहतींच्या किनाऱ्यावर ती खुशाल चालू राहिली. गाण्यातील शिकारी ज्या मालवाहू गलबताची आतुरतेने वाट पाहतात, ते या वेलरांचेच गलबत होय. म्हणजे त्या प्रसन्न चालीच्या पोटात मालकाच्या पुरवठ्यावर जगणाऱ्या श्रमिकांची प्रतीक्षा दडलेली आहे.

आजच्या स्थितीशी याचे साम्य सहज दिसते. ज्या असंख्य लोकांनी आपले सूर जोडले, त्यांच्या कष्टांतून व कल्पकतेतून प्रेक्षक जमले. कंपनीने त्या प्रेक्षकांचे लक्ष जाहिरातदारांना विकले. गाणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या वाट्याला आली ती केवळ पसंतीची चिन्हे. इव्हान्सला एका बड्या ध्वनिमुद्रण कंपनीचा करार मिळाला, त्याने टपालाची नोकरी सोडली आणि मार्च २०२१ मध्ये गाण्याची नवी आवृत्ती ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचली. एका कामगाराचे असे नशीब उघडले तर त्याचा हेवा करण्याचे कारण नाही. परंतु एकाची सुटका म्हणजे व्यवस्थेतील बदल नव्हे.

मालकी कोणाची, या प्रश्नाचे महत्त्व भारतानेही अनुभवले आहे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. त्यांत ‘टिकटॉक’ होते. खेड्यापाड्यांतील शेतकरी, मजूर, गृहिणी यांनी त्यावर आपला प्रेक्षकवर्ग मिळविला होता. तो एका रात्रीत नाहीसा झाला. त्यांचे मत कुणी विचारले नाही, कारण त्या व्यासपीठावर त्यांचा कसलाच हक्क नव्हता. रिकाम्या झालेल्या जागेत काही दिवसांतच अमेरिकन कंपनीचे ‘रील्स’ आले. मालक बदलला, गाणाऱ्यांची स्थिती बदलली नाही.

तरीही या प्रकारातून घ्यावयाचा धडा निराशेचा नाही. माणसाला एकमेकांपासून तोडून चार भिंतींत बसविले तरी त्याला समूहाची भूक लागते, आणि ती भागविण्यासाठी तो शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या श्रमिकांची गाणी शोधून काढतो. सांस्कृतिक आघाडीवर काम करणाऱ्यांनी या भुकेची हेटाळणी करू नये. मात्र शिडाच्या जहाजावर सूर जुळले की हातही जुळत, आणि दोर हलत असे. पडद्यावरील कोरसात सूर जुळले. हातांत धरण्यासारखा दोर मात्र कुणाजवळच नव्हता. गाणी शिकविण्याची गरज जनतेला नाही, ती तिला येतातच. उणीव आहे ती समान कार्याची, आणि ती भरून काढणे कोणत्याही कंपनीच्या हिताचे नाही. ते काम जनतेच्या संघटनांनाच करावे लागेल.