किनाऱ्यावरील दुसरे घर आणि गावाचा हिशेब

पावसाळा सरून आश्विनाचे ऊन पडू लागले की भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याकडे जाणाऱ्या बोटीवरील गर्दीचा रंग पालटतो. शुक्रवारी सायंकाळी आणि शनिवारी सकाळी मोटारीसह निघणाऱ्या या प्रवाशांत पर्यटक असतात, तसेच ‘आपल्या घरी’ जाणारेही बरेच असतात. हे घर सोमवार ते शुक्रवार कुलूपबंद असते आणि जून ते सप्टेंबर तर त्याच्याकडे क्वचितच कोणी फिरकते. मांडवा, किहीम, आवास, सासवणे या अलिबाग तालुक्यातील गावांत अशा घरांची दाटी झाली आहे. तिकडे दक्षिणेस गोव्यात आसगाव, शिवोली, हणजुणे या बार्देशातील गावांची स्थितीही निराळी नाही.

किनाऱ्याची ही ओढ समजण्यासारखी आहे. कार्तिक ते फाल्गुन या काळात कोकणपट्टीवर जे हवामान असते तसे देशात थोड्याच ठिकाणी सापडेल. आकाश निरभ्र, दुपारचे ऊन सोसवेल असे, सायंकाळी समुद्रावरून येणारा वारा आणि रात्री किंचित गारवा. याच महिन्यांत दिल्ली व तिच्या आसपासची शहरे धुरकट हवेत गुदमरत असतात, तर मुंबईची हवाही अलीकडे हिवाळ्यात फारशी अभिमान बाळगण्याजोगी राहिलेली नाही. २०२० च्या साथीनंतर घरी बसून काम करण्याची मुभा अनेक नोकरदारांना मिळाली आणि मग जे घर सुट्टीपुरते होते ते महिना-दोन महिन्यांच्या मुक्कामाचे झाले. त्यात दळणवळणाची भर पडली. मोटारी वाहून नेणारी मांडव्याची रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये, तर मोपाचा जानेवारी २०२३ मध्ये वाहतुकीस खुला झाला आणि १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूचे उद्घाटन झाले. (मुंबईच्या गजबजाटाला कंटाळून अलिबागेस येण्याची प्रथा तशी जुनी आहे. विजेच्या ट्रॅमगाड्यांमुळे निरीक्षणांत व्यत्यय येईल म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ सालीच अलिबागेत हलविण्यात आली. तिने मात्र गावाचे पाणी ओढले नाही आणि जमिनीचे भावही चढविले नाहीत.)

ज्या हवामानामुळे हे ऊन लाभते त्याच हवामानाचा दुसरा भाग म्हणजे येथील पाऊस होय. अलिबागेत वर्षाला सुमारे दोन हजार मिलिमीटर, पणजीत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. खाजणे व भातखाचरे हे पाणी थोपवून धरतात, डोंगरउतारावरची झाडी ते जमिनीत मुरवते आणि तेच पाणी पुढे फाल्गुन-चैत्रापर्यंत विहिरींना पुरते. दुसरे घर घेणारा यांतील ऊन तेवढे विकत घेतो. पाऊस, त्याने उखडलेले रस्ते, खंडित होणारी वीज, तुंबणारे ओढे हे सारे गावाकडे राहते. उन्हाचा सातबारा कोणाच्याच नावावर नसतो. तरीही जमिनीच्या भावात त्याची किंमत पुरेपूर धरलेली असते आणि ती किंमत जमीन विकणारा एक, दलाल दोन आणि बांधकाम व्यावसायिक तीन यांच्यापलीकडे गावात कोणाच्याही हाती पडत नाही.

या भावाचे गणितच गावाबाहेरचे आहे. अलिबाग किंवा म्हापशाच्या आसपासचा गुंठ्याचा दर तेथील शिक्षक, कारकून वा मच्छीमार यांच्या मिळकतीवर ठरत नाही, तो मुंबई, दिल्ली, बंगळूरच्या मिळकतींवर ठरतो. परिणामी ज्याचा जन्म त्या गावात झाला, ज्याची नोकरी त्या तालुक्यात आहे, त्याला तेथे दोन खोल्या बांधणे अशक्यप्राय होते. भाड्याने घर मिळवावे तर तेही कठीण. अकरा महिन्यांच्या करारावर एखाद्या माध्यमिक शिक्षकाला किंवा बँकेतील कर्मचाऱ्याला जागा देण्यापेक्षा तीच जागा पर्यटकांना दिवसाच्या हिशेबाने देणे मालकाला अधिक परवडते. मग गावात घरे पुष्कळ आणि राहावयास घर नाही, असा विचित्र प्रसंग उभा राहतो.

२०११ च्या जनगणनेने हे चित्र गोव्यापुरते आकड्यांत मांडले होते. त्या चिमुकल्या राज्यात सुमारे सव्वा लाख घरे रिकामी आढळली. एकूण घरांपैकी हे प्रमाण २२ टक्क्यांच्या घरात जाते, तर साऱ्या देशात ते साडेसात टक्क्यांच्या आसपास होते. ही सगळी घरे परक्यांची नव्हेत हे मान्य केले पाहिजे. आखातात, पोर्तुगालमध्ये वा इंग्लंडमध्ये गेलेल्या गोवेकरांची आणि वारसांच्या तंट्यात अडकलेली घरेही त्यांत असणारच. २०२१ साली व्हावयाची जनगणना झाली नाही, त्यामुळे साथीनंतरच्या खरेदीचा आकडा त्या मोजणीत आलेलाच नाही.

येथे कोकणाच्या दुसऱ्या एका बंद घराचा विचार ओघाने येतो. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. गिरणीत, गोदीत आणि कचेरीत पोट भरण्यासाठी मुंबईस गेलेल्या चाकरमान्याने गावाकडचे घर मोडले नाही. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात ते उघडते, एरवी दाराला कुलूप असते. तेव्हा दोन घरे असणे हा काही नवा वा निंद्य प्रकार आहे असे नाही. भेद आहे तो नात्याचा. चाकरमान्याच्या बंद घराची पडवी शेजारच्या काकू झाडून घेतात, देवळाच्या वर्गणीत त्याचे नाव असते, पाणंदीच्या वादात त्याला पत्र जाते आणि त्या घराच्या किमतीमुळे शेजाऱ्याला गाव सोडावे लागत नाही. नव्या दुसऱ्या घराला उंच भिंत, पहारेकरी आणि बहुधा स्वतःची विंधण विहीर असते. काही ठिकाणी तर पिढ्यान् पिढ्या वहिवाटीत असलेली समुद्राकडे जाणारी वाट त्या भिंतीने अडते आणि मग रापण ओढणाऱ्याला वळसा घालून किनारा गाठावा लागतो.

पाण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. किनाऱ्यालगतच्या वाळूमिश्रित जमिनीत गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. तो बेताने उपसला तर पिढ्यान् पिढ्या टिकतो. एका ठिकाणी पोहण्याचा हौद आणि हिरवळ राखण्यासाठी पंप चालू लागले की खालचे खारे पाणी वर सरकते आणि शेजारच्या विहिरीचे पाणी मचूळ होते. नागाव, आक्षी, चौल, रेवदंडा या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या याच विहिरींवर उभ्या आहेत. विहीर बिघडली की वाडी बिघडते आणि बिघडलेली वाडी विकावयास निघते.

वाडी विकली जाण्याची प्रक्रिया बारकाईने पाहिली पाहिजे. शेतकरी लोभापायी जमिनी विकतो असा एक सोयीचा समज शहरांत रूढ आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि काही तासांत हजारो पोफळी व माड आडवे झाले. नव्याने लावलेली पोफळ फळावर येण्यास पाच ते सात वर्षे लागतात, माडालाही जवळपास तितकीच. नुकसानभरपाई किती झाडांची आणि कोणत्या दराने, याचे पंचनामे होत असताना ती सात वर्षे कुटुंबाने खावे काय, या प्रश्नाला शासनाजवळ उत्तर नव्हते. दलालाजवळ होते. सातबाऱ्यावर दहा-बारा नावे, त्यांतील निम्मी ठाणे-डोंबिवलीत स्थायिक झालेली, वाटप कधी झालेले नाही. अशा सामायिक जमिनीत एका हिस्सेदाराला गाठावयाचे, त्याच्याकडून कुलमुखत्यारपत्र करून घ्यावयाचे आणि मग उरलेल्यांना ‘आता वेगळे राहून काय मिळणार’ असे समजावयाचे, ही रीत कोकणात कोणाला ठाऊक नाही?

कायदे नाहीत असे नाही. महाराष्ट्रात १९४८ च्या कूळकायद्यातील कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्यास सरकारी परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. तरीही जमीन आधी बिगरशेती करून मग भूखंड पाडले की हे कलम निरुपयोगी ठरते. फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध केले होते. जानेवारी २०१९ मध्ये निघालेल्या नव्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यासाठी ही मर्यादा ५० मीटरवर आणली. त्याच वर्षी मार्चमध्ये किहीमच्या किनाऱ्यावरील एक आलिशान बंगला सुरुंग लावून पाडण्यात आला, त्याची छायाचित्रे सर्वत्र झळकली. एका बंगल्याच्या स्फोटाने जितके समाधान मिळाले, तितके लक्ष त्या नियमाच्या शिथिलीकरणाकडे गेले नाही.

गोव्याने या बाबतीत अधिक जागरूकता दाखविली आहे. ऑगस्ट २००६ मध्ये अधिसूचित झालेला ‘प्रादेशिक आराखडा २०११’ लोकांच्या प्रखर विरोधामुळे जानेवारी २००७ मध्ये सरकारला रद्द करावा लागला. पुढे २०२३ साली नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) घालून आराखड्यातील ‘चुका’ सुधारण्याच्या नावाखाली एकेका भूखंडाचे वर्गीकरण बदलण्याची वाट उघडली गेली. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या कलमाखालील नियम रद्दबातल ठरविले. आराखडा एकदा सर्वांसमक्ष ठरवावयाचा आणि मग तो अर्जागणिक मागल्या दाराने बदलावयाचा, ही पद्धत न्यायालयात अडते, पण तोवर डोंगर कापून झालेला असतो.

करांच्या बाजूने पाहिले तर शासनाचा कल कोणीकडे आहे ते स्पष्ट दिसते. पूर्वी प्राप्तिकराच्या नियमानुसार एकच घर स्वतःच्या राहण्याचे मानले जाई. दुसरे घर रिकामे ठेवले तरी त्याचे काल्पनिक भाडे उत्पन्नात धरून त्यावर कर आकारला जात असे. २०१९ च्या अर्थसंकल्पाने ही सवलत दोन घरांना लागू केली. एका घराचे हप्ते फेडताना कारकुनाची उमेद संपते, तेथे दुसरे घर कुलूपबंद ठेवण्यावरचा कर माफ झाला. ग्रामपंचायतीची घरपट्टी तर घर उघडे की बंद हे विचारतच नाही. रस्ता, कचरा आणि नळयोजना मात्र डिसेंबरातील शेवटच्या आठवड्याच्या गर्दीला पुरेल अशी उभारावी लागते. तिचा देखभालखर्च बारा महिने चालतो आणि तो मुख्यतः बारा महिने राहणाऱ्यांवर पडतो.

हाच पेच इतर देशांतील किनाऱ्यांवरही आहे. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील सेंट आइव्हज या गावाने २०१६ साली सार्वमत घेऊन नवी घरे दुसरे घर म्हणून विकण्यास मनाई केली. त्यानंतर बाहेरच्या खरेदीदारांचा रोख जुन्या घरांकडे वळला, म्हणजे निव्वळ मनाईने प्रश्न सुटला नाही. वेल्सने निराळा मार्ग धरला. एप्रिल २०२३ पासून तेथील स्थानिक संस्थांना दुसऱ्या घरांवर मूळ कराच्या ३०० टक्क्यांपर्यंत अधिभार बसविण्याचा अधिकार मिळाला आणि ग्विनेद परगण्याने तो १५० टक्के ठेवला. तेथेही तक्रारी आहेत. निदान बंद घराचा हिशेब मांडण्याचे तत्त्व तरी मान्य झाले.

‘परक्यांना बंदी’ ही घोषणा सभेत टाळ्या मिळविते. परंतु ज्या कोकणाने आपली तीन पिढ्यांची माणसे मुंबईत पाठविली, त्याने परका कोणास म्हणावे हा प्रश्न सोपा नाही. याउलट कायमची वस्ती, चाकरमान्याचे वडिलार्जित घर आणि सुट्टीचे विकत घेतलेले घर हे तीन प्रकार वेगळे नोंदवून तिसऱ्यावर वाढीव घरपट्टी बसविणे, विंधण विहिरीस ग्रामसभेची संमती व मापक सक्तीचे करणे, जमीन बिगरशेती करण्यापूर्वी त्या वाडीतील विहिरींची चैत्रातील पातळी पाहणे, या गोष्टी विधिमंडळाच्या आवाक्यातल्या आहेत. या उत्पन्नातून शिक्षक, आरोग्यसेविका, तलाठी यांच्यासाठी भाड्याची घरे बांधता येतील. यासाठी पंचायतींना आज नसलेला अधिकार द्यावा लागेल, आणि तो देण्यास मुंबईतील मंत्रालय व पर्वरीतील सचिवालय नाखूश असते, हाच खरा अडसर आहे.

अनेक दशके कागदावर राहिलेल्या करंजा-रेवस खाडीपुलाचे काम आता हाती घेण्यात आले आहे. तो पुरा झाला की मुंबईहून मोटारीने अलिबाग आणखी जवळ येईल आणि आजवर दलालांच्या यादीत नसलेली गावेही तीत येतील. तेथील ग्रामपंचायतींच्या दफ्तरांत अद्याप बंद घरांसाठी रकानाच नाही.