स्ट्रॉबेरी शेक बारा महिने कसा मिळतो?

महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी साधारण डिसेंबर ते मार्च या काळात बाजारात असते. ठाणे, डोंबिवली किंवा कल्याण स्टेशनबाहेरच्या ज्यूस सेंटरमध्ये मात्र स्ट्रॉबेरी शेक ऐन पावसाळ्यातही मिळतो. काही दुकानदार गोठवलेला गर वापरतात. पण अनेकदा फळाचं काम इसेन्स, रंग आणि गोड सिरप करतात.

"डॉक्टर, तो इसेन्स घातक असतो का?" हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. माझ्या मते आधी साखरेबद्दल विचारायला हवं.

इसेन्स थेंबभरच लागतो. पिकलेल्या केळ्याचा ओळखीचा वास मुख्यतः आयसोअमिल अ‍ॅसिटेट या रसायनामुळे येतो; तेच रसायन कारखान्यात तयार करून केळ्याच्या इसेन्समध्ये घालतात. व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन तर १८७४ मध्येच प्रयोगशाळेत बनवलं गेलं. खाण्यासाठी मान्यता असलेला इसेन्स योग्य प्रमाणात वापरला, तर बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही.

अडचण वेगळी आहे. आपण ज्याला चव म्हणतो, त्यातला मोठा भाग वासाचा असतो. म्हणूनच सर्दी झाली की जेवण बेचव लागतं. इसेन्समुळे नाकाला फळ मिळाल्यासारखं वाटतं, पण पोटात फळाचा चोथा आणि जीवनसत्त्वं जातच नाहीत. शिवाय थंड पदार्थाचा गोडवा जिभेला कमी जाणवतो, म्हणून बर्फाळ शेकमध्ये साखर जास्त घालावी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मोठ्या माणसाने वरची साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या, म्हणजे सुमारे सहा चमच्यांच्या आत ठेवली तर उत्तम. शेकमध्ये चार चमचे साखर, त्यावर सिरप आणि आइस्क्रीमचा गोळा पडला, की ही मर्यादा एका ग्लासातच ओलांडली जाते. क्लासमधून परतताना मुलं असा ग्लास रोज घेत असतील, तर तो 'फळांचा खुराक' समजू नका.

बंद बाटलीवर निदान घटकांची यादी आणि साखरेचं प्रमाण वाचता येतं. समोर भरून दिलेल्या ग्लासावर काहीच लिहिलेलं नसतं. तिथे विचारणं हाच उपाय.

वासाची हीच करामत आपल्या फायद्यासाठीही वापरता येते. व्हॅनिलाच्या वासाने दूध आहे त्यापेक्षा गोड वाटतं. वेलची, केशर, जायफळ यांची आपल्या गोडाधोडाशी इतकी सांगड बसली आहे, की त्यांच्या वासानेही गोडाचा भास होतो. पियुषात वेलची-जायफळ घालणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. घरी दुधात पिकलेलं केळं किंवा चिकू फिरवा, वेलचीपूड घाला आणि साखर न घालता आधी चाखून पाहा. जायफळ मात्र चिमूटभरच.

मधुमेह असलेल्यांनी शेकपेक्षा फळ चावून खावं. एका ग्लासात दोन-तीन केळी सहज जातात. चावून खाताना आपण एकावरच थांबतो.

पुढच्या वेळी ज्यूस सेंटरवर दोनच गोष्टी सांगा: "फळ समोर कापा आणि साखर घालू नका." गिऱ्हाइकं असं मागू लागली, की दुकानदारही बदलतील.