संगीताच्या पदवीत रियाजाचे तास मोजा

मुलाचा आवाज साधारणपणे काळी एक किंवा काळी दोनच्या पट्टीत मोकळा होतो, मुलीचा काळी चार-पाचच्या आसपास. संगीत घेऊन बी.ए. करणाऱ्या वर्गात मात्र दोघेही एकाच तानपुऱ्यासमोर बसतात. पट्टी खाली धरली तर मुलींना मंद्र सप्तक सापडत नाही, वर धरली तर मुलांना तार षड्ज ओढून काढावा लागतो. शिक्षक नाइलाजाने मधली पट्टी धरतात आणि ती कुणाच्याच गळ्याची नसते. तासिका 48 मिनिटांची आणि वर्गात 16 विद्यार्थी धरले, तर एकेकाच्या वाट्याला तीन मिनिटे येतात. विलंबित एकतालाचे एक आवर्तनच पाऊण-एक मिनिट चालते. म्हणजे तीन-चार आवर्तनांत यमनची बढत कशी करायची हे विद्यार्थ्याने शिकायचे, चुकायचे आणि सुधारायचेही!

महाराष्ट्रातल्या कितीतरी महाविद्यालयांत संगीताची पदवी आज अशीच दिली जाते. यातून दोन टोकाची मते तयार झाली आहेत. गाणे चार भिंतींत शिकता येतच नाही, विद्यापीठातून तानसेन नव्हे तर कानसेन निघतात, असे एक बाजू म्हणते. दुसरी बाजू इतर विषयांच्या साच्यात संगीत बसवून अभ्यासक्रमाची पाने वाढवत राहते. दोन्ही बाजूंचे चुकते आहे. घरात गाणे नसलेल्या मुलामुलींसाठी विद्यापीठ हाच सर्वांत खुला दरवाजा आहे आणि तो उघडाच राहायला हवा. पण आत आलेल्याला सर्वांत आधी जे मिळायला हवे ते म्हणजे वेळ: गुरूसमोर एकट्याने बसण्याचा आणि रियाजाचा. नेमका तोच आपल्या पदवीत कुठे धरला जात नाही.

हा दरवाजा सहजी उघडलेला नाही. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी 1886 मध्ये संगीतशाळा सुरू केली. तिचा वारसा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाकडे आहे. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 5 मे 1901 रोजी लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय काढले, ते राजाच्या तिजोरीवर न विसंबता, लोकांच्या वर्गणीवर आणि स्वतःच्या जलशांच्या उत्पन्नावर. व्यवसायाने वकील असलेल्या विष्णु नारायण भातखंडे यांनी देशभर फिरून बंदिशी जमवल्या, मराठीत ग्रंथ लिहिले, स्वरलिपी सिद्ध केली आणि 1926 मध्ये लखनौत मॉरिस कॉलेजच्या उभारणीत पुढाकार घेतला. गाणे घराण्याच्या उंबऱ्याबाहेर यावे, मध्यमवर्गीय घरातल्या मुलीलाही ते उजळ माथ्याने शिकता यावे, हा या साऱ्या खटाटोपामागचा हेतू होता. या सुधारणेत परंपरागत गायिका आणि अनेक उस्ताद बाजूला पडले, हेही खरे आहे आणि ते विसरता कामा नये. तरीही आज परभणीतली किंवा पांढरकवड्यातली एखादी मुलगी संगीताच्या पदवीचा अर्ज भरू शकते, ती याच माणसांमुळे.

या संस्थांनी कलावंत घडवले नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी लखनौकडे पाहावे. मॉरिस कॉलेजचे प्राचार्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर मुंबईचे. बेळगावजवळच्या बैलहोंगलचे कृष्णराव गिंडे 1936 मध्ये, अकरा वर्षांचे असताना, त्यांच्याकडे शिकायला गेले. एस. सी. आर. भट, दिनकर कायकिणी, सुमती मुटाटकर ही सगळी त्याच परिसरात तयार झालेली मंडळी. पण गिंडे निव्वळ वर्गात शिकले नाहीत. ते रातंजनकरांच्या घरी राहत होते. सकाळचा रियाज, गुरूची इतरांना चाललेली तालीम, संध्याकाळी कुणी पाहुणा गवई आला तर त्याच्याशी रंगलेली चर्चा, हे सगळे वर्गाच्या वेळापत्रकाबाहेरचे होते. लखनौच्या संस्थेचे यश कॉलेज आणि गुरुगृह यांच्या या जोडीत होते. पुढे विद्यापीठांनी त्यातले कॉलेज तेवढे घेतले आणि गुरुगृहाची जागा रिकामी ठेवली.

ही जागा भरण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात झाले आहेत. पुणे विद्यापीठात 1987 मध्ये सुरू झालेल्या ललित कला केंद्राने आपल्या नावातच ‘गुरुकुल’ हा शब्द घेतला आणि गुरूकडची तालीम व विद्यापीठातला अभ्यास यांची सांगड घालण्याची दिशा धरली. त्याआधी 1968 पासून मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राची धुरा डॉ. अशोक दा. रानडे यांनी सांभाळली आणि प्रयोग व विचार एकमेकांना पूरक असतात हे दाखवून दिले. एसएनडीटी विद्यापीठात संगीत विभागप्रमुखाच्या खुर्चीवर प्रभा अत्रे बसल्या होत्या. रंगमंचावर गाणारी व्यक्ती विभाग चालवते तेव्हा तिथे काय शिकवायचे, याविषयी वेगळे बोलावे लागत नाही.

मग अडते कुठे? उत्तर बरेचसे हिशेबात आहे.

रियाजासाठी लागणारा वेळ आजवर नेहमीच कुणीतरी विकत घेऊन दिला आहे. अल्लादिया खाँसाहेबांना कोल्हापूर दरबाराचा आश्रय होता. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई 1921 पासून खाँसाहेबांकडे नेमाने शिकू लागल्या आणि 1946 मध्ये ते जाईपर्यंत शिकत राहिल्या. त्या तालमीमागे धनिक आश्रयदात्याचे पाठबळ होते. दरबार गेले, शेठ-सावकार गेले. कोलकात्यात आयटीसी संगीत रिसर्च अकादमीने गुरू आणि शिष्य यांना एका आवारात राहायला जागा दिली, शिष्यांना विद्यावेतन दिले आणि तिथून रशीद खान यांच्यासारखा गायक निघाला. पण अशा संस्थेत मोजक्यांनाच प्रवेश मिळतो. बाकीच्यांसाठी अठरा ते बावीस या वयातला वेळ राखून ठेवू शकणारी सार्वजनिक व्यवस्था एकच आहे: विद्यापीठ. गळा आणि हात घडण्याची ही वर्षे. त्या वर्षांत विद्यार्थी दिवसभर तासिकांना बसून, संध्याकाळी शिकवण्या करून, रात्री थकल्या आवाजाने तानपुरा लावत असेल, तर त्याने पदवी मिळवली तरी गाणे मिळवले असे म्हणता येणार नाही.

राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतरच्या श्रेयांक पद्धतीवर संगीताचे शिक्षक नाराज असतात. त्या नाराजीला कारणे आहेत. सत्रागणिक विषयांचे तुकडे पडतात आणि सहामाहीत एक राग ‘संपवावा’ लागतो. पण याच पद्धतीत एक मोठी संधीही दडलेली आहे. 2023 च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाला 40 श्रेयांक आणि त्यासाठी 1200 तासांचे अध्ययन धरले आहे. या तासांत वर्गातल्या शिकवण्याखेरीज इतर अध्ययनही मोजता येते आणि सादरीकरणाच्या कला, संगीत यांचा उल्लेख आराखड्यातच आहे. आता रोज चार तास रियाज, वर्षाचे 300 दिवस, असा हिशेब करा. बरोबर 1200 तास होतात. गाणाऱ्याचा साधा, प्रामाणिक रियाज एवढा असतो. त्यातला निम्मा जरी नोंदवलेला, देखरेखीखालचा रियाज म्हणून पदवीत मोजला, तर वर्षातले 20 श्रेयांक त्याचेच होतील आणि वेळापत्रकातली कितीतरी गर्दी आपोआप कमी होईल.

युरोपातल्या संगीतशाळांत हे रुळलेले आहे. नेदरलँड्समध्ये पदवीचे एक वर्ष 60 श्रेयांकांचे, म्हणजे 1680 तासांचे असते आणि विद्यार्थ्याचा स्वतःचा सराव त्या तासांतच गणला जातो. मुख्य वाद्याचा किंवा गायनाचा धडा एकट्याचा असतो, समूहाचा नव्हे. रॉटरडॅमच्या संगीतशाळेने याच चौकटीत हिंदुस्थानी संगीताची पदवी बसवली. तिथल्या विभागाचे कलासंचालक म्हणून पंडित हरिप्रसाद चौरसिया यांनी अनेक वर्षे काम केले. आपल्याच संगीताला परक्या देशातल्या पदवीत एकट्याने बसून शिकण्याचा वेळ मिळतो, तर तो पुण्यात, नागपुरात किंवा पणजीत का मिळू नये?

खर्च हे पहिले उत्तर येईल. एकेकाला शिकवायचे तर गुरू जास्त लागतात, हे खरे आहे. पण अनेक महाविद्यालयांत आज संगीताचा शिक्षक तासिका तत्त्वावर येतो, घड्याळी तासाचे मानधन घेतो आणि पुढच्या वर्षी तो असेलच याची खात्री नसते. सत्रामागून सत्र शिक्षक बदलला तर विद्यार्थ्याचा गळा कोण ओळखणार? वाद्याच्या विद्यार्थ्याला साथीला तबलजी नसतो, तबल्याच्या विद्यार्थ्याला लेहरा धरणारा नसतो. दोघेही मोबाइलमधल्या ठेक्यावर आणि नगम्यावर रियाज करतात. यंत्र लय चुकत नाही, पण समेवर येताना डोळ्यांनी बोलतही नाही. ती देवाणघेवाण माणसासोबतच शिकावी लागते.

रसायनशास्त्राच्या विभागाला प्रयोगशाळा, साहाय्यक आणि रसायने लागतात, हे कुणाला पटवून द्यावे लागत नाही. तबल्याची साथ, जवारी नीट काढलेले तानपुरे आणि आवाज बाहेर न जाणाऱ्या चार लहान खोल्या ही संगीताची प्रयोगशाळा आहे. तिच्यासाठी अंदाजपत्रकात ओळ हवी.

गुरू आणायचे कुठून, या प्रश्नालाही नियमांतच उत्तर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीने संगीतासाठी साहाय्यक प्राध्यापकपदाचा एक वेगळा मार्ग ठेवला. पदवीधर असलेला, नामवंत गुरूकडे शिकलेला, आकाशवाणी-दूरदर्शनची ‘ए’ श्रेणी असलेला आणि शास्त्र समजावून सांगू शकणारा व्यावसायिक कलावंत या मार्गाने शिक्षक होऊ शकतो. जाहिरातींत आणि निवड समित्यांत या तरतुदीचा उपयोग मोकळ्या मनाने झाला पाहिजे. नेट उत्तीर्ण होणे आणि ख्याल उलगडून दाखवणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. विभागात दोन्ही प्रकारची माणसे हवीत.

कारण शास्त्रही लागतेच. शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला तो देवगिरीच्या यादवांच्या दरबारात, म्हणजे आजच्या मराठवाड्यात. त्यातल्या व्याख्या पाठ करून उत्तरपत्रिकेत उतरवणे हा त्या ग्रंथाचा उपयोग नव्हे. श्रुती, जाती, गमक या कल्पना कानाने पडताळून पाहिल्या, जुन्या ध्वनिमुद्रिका समोर ठेवून दोन घराण्यांची एकाच रागाची मांडणी ताडून पाहिली, तर विद्यापीठ जे देऊ शकते ते एकट्या गुरूलाही देणे अवघड आहे. मात्र त्यासाठी रागांची यादी छोटी करावी लागेल. वर्षाला आठ-दहा राग घेऊन प्रत्येकाची एक बंदिश आणि पाच ताना परीक्षकासमोर म्हणण्यापेक्षा दोन राग अर्धा-अर्धा तास, साथीसह, श्रोत्यांसमोर मांडायला लावावेत. वीस मिनिटांच्या प्रात्यक्षिक परीक्षेत पाठांतर कळते, गाणे कळत नाही.

पालकांची काळजी पोटापाण्याची असते आणि ती रास्त आहे. केवळ मैफलींवर घर चालवणारे कलावंत फार थोडे. वसंतराव देशपांडे यांनी वर्षानुवर्षे लष्करी हिशेब खात्यात नोकरी केली. अश्विनी भिडे-देशपांडे यांनी विज्ञानात डॉक्टरेट मिळवली आणि गाणे आईकडून, माणिक भिडे यांच्याकडून घेतले. अशी दुहेरी वाट घरात गाणे असणाऱ्याला किंवा असामान्य जिद्दीच्या माणसालाच झेपते. पांढरकवड्याच्या उल्हास कशाळकरांची वाट वेगळी. नागपूर विद्यापीठातून संगीताचे पदव्युत्तर शिक्षण, मग राम मराठे आणि गजाननराव जोशी यांची तालीम, आकाशवाणीतली नोकरी आणि पुढे कोलकात्याच्या अकादमीत गुरुपद. विद्यापीठ आणि गुरू यांत वैर नाही, याचा यापेक्षा चांगला दाखला शोधायला नको.

केंद्र सरकारचे संस्कृती मंत्रालय 18 ते 25 वयाच्या तरुण कलावंतांना दोन वर्षे दरमहा 5000 रुपयांची शिष्यवृत्ती देते. राज्य सरकारने आणि विद्यापीठांनी तिला जोड देणारी शिष्यवृत्ती संगीताच्या पदवीसाठी सुरू करावी. निवड झालेल्या विद्यार्थ्याची संध्याकाळ शिकवण्यांऐवजी रियाजात जावी, एवढी तरी तिची रक्कम असावी.

तोवर प्रवेशाच्या दिवसांत विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी माहितीपुस्तिकेपलीकडे जाऊन विभागप्रमुखांना थेट विचारावे. आठवड्यातून किती वेळा आणि किती मिनिटे विद्यार्थी गुरूसमोर एकटा बसतो? त्याच्या पट्टीचा तानपुरा आहे का? पहिल्या वर्षीचे गुरू तिसऱ्या वर्षी असतील का? साथीला तबलजी नेमलेला आहे की सोय विद्यार्थ्याने करायची? रियाजाच्या खोल्या सकाळी किती वाजता उघडतात आणि सुट्टीत बंद राहतात का? वर्षातून किती वेळा श्रोत्यांसमोर बसण्याची संधी मिळते? या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक विद्यापीठाने प्रवेशापूर्वी लेखी जाहीर करावीत आणि मूल्यांकनाला येणाऱ्या समितीनेही हीच उत्तरे तपासावीत.