विज्ञान कार्यक्रमाच्या निर्मात्याची खुर्ची रिकामी का?

मराठवाडा-विदर्भाच्या सीमेवरील कनेरगाव नाक्यासारख्या गावातही आता दूरचित्रवाणी घरोघरी आहे. त्यातून रोज सकाळी राशिभविष्य घरात येते, विज्ञान मात्र येत नाही. प्रेक्षकांनाच विज्ञान नको आहे, असे वाहिन्यांकडून सांगितले जाते. हे खरे आहे काय?

१९८९ साली दूरदर्शनने 'भारत की छाप' ही विज्ञानाच्या इतिहासावरील १३ भागांची मालिका दाखविली. मुंबईच्या कॉमेट मीडिया फाउंडेशनच्या चंदिता मुखर्जी यांनी ती घडविली. पुढे 'टर्निंग पॉइंट'मध्ये प्रा. यशपाल प्रेक्षकांच्या प्रश्नांना साध्या भाषेत उत्तरे देत आणि लोक ती आवडीने ऐकत. म्हणजे दोष प्रेक्षकांचा नाही.

पडद्यावर शास्त्रज्ञ दिसतो, निर्माता दिसत नाही. परंतु विषय कोणता, कोणाला बोलवायचे, संहिता कोणाकडून तपासून घ्यायची, पैसा कशावर खर्च करायचा, हे निर्माताच ठरवितो. कातडे कमावणे हे रसायनशास्त्र आहे, हे सांगायचे की दडपायचे, हेही त्याच्याच हाती असते. म्हणून त्या खुर्चीवर कोण बसतो हा प्रतिनिधित्वाचा प्रश्न आहे. त्यातच असे कार्यक्रम करवून घेणारी 'विज्ञान प्रसार' ही १९८९ ची सरकारी संस्था केंद्राने २०२३ मध्ये बंद केली.

कायदा काय सांगतो? वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास करणे हे संविधानाच्या अनुच्छेद ५१-क नुसार नागरिकांचे कर्तव्य आहे. अंधश्रद्धेला प्रोत्साहन देणारा कार्यक्रम दाखविण्यास केबल टेलिव्हिजन नियम, १९९४ मनाई करतात. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, चमत्कारी गुणांचा दावा करून यंत्रे विकणाऱ्या जाहिराती २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदेशीर ठरविल्या. ही याचिका एका शिक्षकाने केली होती, ही बाब लक्षात घेतली पाहिजे.

मात्र एक पळवाट उरतेच. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वाहिन्यांनी रोज ३० मिनिटे जनहिताचे कार्यक्रम दाखवायचे आहेत. विषयांच्या यादीत विज्ञान-तंत्रज्ञान आहे, दुर्बल घटकांचे कल्याणही आहे. परंतु यादीतील दुसरा कोणताही विषय घेऊन ही अट पूर्ण करता येते. अंधश्रद्धेला बंदी आहे, पण विज्ञानाची सक्ती नाही!

तेव्हा नुसती चीड व्यक्त करून भागणार नाही. अशी जाहिरात दिसताच वाहिनी, तारीख, वेळ नोंदवून जादूटोणाविरोधी कायद्याखालील दक्षता अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार केली पाहिजे व तिची पोच घेतली पाहिजे. दुसरे काम अधिक मोलाचे आहे. आपली मुले बी.एस्सी. होतात आणि केवळ नोकरभरतीची वाट पाहतात. नांदेड व छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठांत माध्यमांचे शिक्षण मिळते. विज्ञान आणि कॅमेरा दोन्ही जाणणारे तरुण तेथून बाहेर पडले पाहिजेत. आपण निर्माते झालो नाही, तर काय पाहायचे हे दुसरेच ठरवितील.