रिकाम्या जागा आणि हिंगोली

एम-८७ या दीर्घिकेच्या मध्यभागी असलेल्या कृष्णविवराचे चित्र २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ते इतके धूसर का, असे अनेकांनी विचारले. साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर असलेले ते तेजोवलय स्पष्ट टिपावयास पृथ्वीएवढी दुर्बीण हवी. हाती होत्या त्या ठिकठिकाणच्या मोजक्या रेडिओ-दुर्बिणी, आणि त्यांच्यामधील जागा रिकाम्या. २०२३ मध्ये संशोधकांनी सिद्धांतावरून रचलेली कृष्णविवरांची तीस हजारांहून अधिक चित्रे संगणकास शिकविली आणि त्याच्याकडून या जागा भरून घेतल्या. वलय पूर्वीच्या सुमारे निम्म्या रुंदीचे व रेखीव दिसू लागले.

हे यश थोर खरेच. परंतु जीर्ण पोथीतील गळालेले शब्द हुशार विद्यार्थी संदर्भावरून भरतो, तेव्हा ते बहुधा बरोबर असले तरी मूळ लेखकाचे नव्हेत, हे शिक्षकास विसरता येत नाही. यंत्राला शिकविलेल्या सिद्धांतातच चूक असेल, तर ती चूकही तितकीच रेखीव दिसेल! अशा वेळी खरा उपाय एकच : पोथीची आणखी एक प्रत मिळविणे.

कृष्णविवरांच्या संशोधनात अशी नवी प्रत मिळवून देणारी वेधशाळा आपल्या मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ उभारावयाची आहे. ‘लायगो-इंडिया’ कृष्णविवरे पाहणार नाही. ती एकमेकांवर आदळताना उठणारे गुरुत्वीय तरंग चार-चार किलोमीटरांच्या दोन भुजांत लेसरने टिपील. अमेरिकेतील दोन वेधशाळांनी २०१५ मध्ये असा तरंग प्रथम टिपला. परंतु तो आकाशाच्या नेमक्या कोणत्या भागातून आला, हे त्या दोघींच्या साक्षीवरून नीट ठरेना. दूर भारतातील साक्ष मिळाली, तर ती दिशा पुष्कळच नेमकी होईल. हे काम केवळ गणिताच्या चातुर्याने साधणारे नव्हे.

या प्रकल्पास २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता मिळाली. २६०० कोटी रुपयांच्या मंजुरीस २०२३ उजाडले. सात वर्षे अशी गेली. यापुढे दिरंगाई होऊ नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. आणि हिंगोलीच्या मुलांनी त्या वेधशाळेकडे कुंपणाबाहेरूनच पाहत राहावे, असेही होता कामा नये. त्यांच्या शाळा-महाविद्यालयांतील प्रयोगशाळा आजच सुसज्ज केल्या पाहिजेत. तीही एक रिकामी जागाच आहे, आणि ती कोणतेही यंत्र भरून देणार नाही.