रावण जाळा नाहीतर पुजा, पण आधी आपल्या भागातला रावण माहीत करून घ्या

दसरा जवळ आला की आपल्याकडच्या ग्रुपांवर दरवर्षीचं भांडण सुरू होतं. एक जण म्हणतो, रावणदहनावर बंदी घाला, जाळणाऱ्यांवर गुन्हे दाखल करा. दुसरा म्हणतो, रावणाची बाजू घेणारा तो धर्माचा वैरी. दोघांनाही माझा एकच प्रश्न आहे. बाप्पा, सांगोळ्याला कधी गेले का तुम्ही?

अकोला जिल्ह्यात, पातूर तालुक्यात सांगोळा नावाचं गाव आहे. तिथे दहा तोंडांच्या रावणाची काळ्या दगडाची मूर्ती आहे. दसऱ्याला सगळीकडे रावण जळत असतो, तेव्हा या गावात त्याची पूजा होते. गावात गोष्ट सांगतात ती अशी: इथे एक ऋषी तप करत होते. ते गेल्यावर गावाने त्यांची मूर्ती करायला सांगितली, पण कारागिराच्या हातून घडली ती दहा तोंडांची. लोकांनी तीच ठेवून घेतली आणि पिढ्यानपिढ्या पुजली. आता याच गावातले लोक रामाला मानत नाहीत का? मानतात. त्यांना यात कधी भांडण दिसलं नाही.

आता अमरावती जिल्ह्यात या, मेळघाटात. कोरकूंची उत्पत्तिकथा रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली छापलेल्या मध्य प्रांतातल्या जातीजमातींच्या ग्रंथात नोंदवलेली आहे. सातपुडा-विंध्याचे डोंगर ओसाड पडलेले रावणाने पाहिले आणि महादेवाला विनवलं, इथे माणसं वसव. महादेवाने कावळ्याला पाठवून लाल मातीचं वारूळ शोधलं आणि त्या मातीच्या दोन बाहुल्या केल्या. पण इंद्राचे घोडे येऊन त्या तुडवून टाकायचे. शेवटी महादेवाने आधी एक कुत्रा घडवला, त्याच्यात जीव घातला आणि त्या कुत्र्याने घोड्यांना पळवून लावलं. मग घडले मूला आणि मुलाई, कोरकूंचे पहिले आईबाप. म्हणजे या कथेत रावणाने विनवलं नसतं, तर कोरकू जन्मलेच नसते. रावणाचा पोरगा मेघनाद, त्याच्या नावाचा उंच लाकडी खांब होळीच्या दिवसांत आजही पुजला जातो, यात्रा भरते.

आणि आपण? आपल्या पिढीने रावण पाहिला तो चांदोबात, अनंत पैंनी १९६७ साली सुरू केलेल्या अमर चित्र कथेत आणि मग १९८७-८८ मध्ये दर रविवारी टीव्हीवर. मी काही त्या पुस्तकांना नावं ठेवत नाही, त्यांच्यावरच वाचायला शिकलो. पण चित्रांतले ते राक्षस आठवून पहा. देव गोरे नाहीतर निळे, नाजूक नाकाचे. राक्षस बहुतेक काळे, धिप्पाड, जंगलात राहणारे, सुळे बाहेर आलेले. लहानपणी आपल्याला त्यात काही खटकलं नाही, कारण त्या चित्रातला राक्षस आपल्यासारखा दिसत नव्हता.

अमेरिकेतल्या जोकरचं उदाहरण घ्या. १९४० साली बॅटमॅनच्या पहिल्या अंकात तो आला आणि त्याच अंकात त्याला मारून टाकायचं ठरलं होतं. संपादकाने शेवटी तो जिवंत असल्याचं एक चित्र घालायला लावलं, आणि तो आजतागायत जिवंत आहे. खलनायक असा फुकट मरू देता येत नाही, पुढच्या अंकाला लागतो. आपला रावणही तसाच, दरवर्षी जाळायचा म्हणजे दरवर्षी पुन्हा बांधायला लागतो. पण एक मोठा फरक आहे. जोकर कोणाचा देव नाही, कोणाच्या पूर्वजांच्या गोष्टीत नाही. रावण आहे. आणि ज्यांच्या गोष्टीत आहे, ते लोक आपल्याच जिल्ह्यात राहतात.

कोणी म्हणेल, हे सगळं आताच काढलेलं खूळ आहे. नाही हो. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आपण महाराष्ट्री प्राकृताचं नाव छाती फुगवून घेतलं. त्याच महाराष्ट्री प्राकृतात विमलसूरी नावाच्या जैन कवीचं ‘पउमचरिय’ आहे, रामाचीच कथा. त्यात रावण राक्षस नाही, विद्याधर वंशातला राजा आहे. दहा तोंडं म्हणाल तर गळ्यातल्या रत्नांच्या हारात चेहऱ्याची नऊ प्रतिबिंबं पडायची, म्हणून दशमुख. सीतेला पळवून नेण्याची चूक मात्र त्यातही त्याचीच आहे, ती कोणी झाकलेली नाही. म्हणजे आपल्या भाषेच्या आजीनेच रावण दोन तऱ्हेने सांगून ठेवला आहे.

माझं म्हणणं साधं आहे. ज्या मंडळांना रावण जाळायचा ते जाळोत. तो त्यांचा सण आहे, पोलीस घालून तो बंद करू नये. सांगोळ्यात पूजा होते तिलाही कोणी बोट लावू नये. पण सरकारी पैशावर चालणाऱ्या आश्रमशाळेत, जिथे समोर कोरकू लेकरं बसलेली आहेत, तिथे रावणदहन हा शाळेचा कार्यक्रम असू नये. धारणीच्या त्या पोराचा विचार करा. घरी आजी सांगते, त्याच्यामुळे आपण जन्मलो. शाळेत गुरुजी सांगतात, हा दुष्ट, याला पेटवा. पोरगं कोणाला खोटं म्हणेल? बहुतेक वेळा आजीलाच. मग ती गोष्ट जाते, गोष्टीबरोबर भाषा जाते. आणि मेळघाट आपल्या पेपरात फक्त कुपोषणाच्या बातमीपुरता उरतो.

त्यापेक्षा मूला-मुलाईची गोष्ट चित्रकथा करून, एका बाजूला कोरकू आणि एका बाजूला मराठी असं छापून, मेळघाटातल्या प्रत्येक शाळेत द्या. अमरावती-अकोल्याच्या शाळांतही द्या. इंद्राच्या घोड्यांना पळवणारा तो कुत्रा कोणत्याही पोट्ट्याला आवडेल. लोकप्रतिनिधींनी दसऱ्याच्या फ्लेक्सवर जेवढा खर्च केला, त्यातला थोडा इकडे वळवला तरी होईल.

आणि पुढच्या वेळी कोणाला ‘रावण’ म्हणून शिवी देताना, निवडणुकीत तर हमखास देतात, एवढं ध्यानात ठेवा की ऐकणाऱ्यांत कोणाचा तरी तो देव असू शकतो.

तुमच्या गावात रावणाची, मेघनादाची वेगळी काही गोष्ट सांगत असतील तर कमेंटमध्ये लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा. भांडायला नको, ऐकायला बसू.